अगरूच्या झाडाआधी अगरूची शाळा



सांजवात झाली की आपल्या घराघरांत देवापुढे उदबत्ती लागते. कोणी तिला अगरबत्ती म्हणते. या दोन्ही नावांत एकच झाड लपलेले आहे. अगर म्हणजे अगरू आणि अरबी भाषेत त्यालाच ऊद म्हणतात. रोज ज्याचे नाव घेतो ते झाड मात्र आपल्यातल्या शंभरांपैकी नव्याण्णवांनी पाहिलेले नाही. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक उदबत्त्यांत खरा अगरू नसतोच. तो सोन्याच्या भावाने विकला जातो, मग दहा रुपयांच्या पुड्यात तो कसा असणार? विस्तवावर आपण ऊद म्हणून जो घालतो, तोही बहुधा लोबान, म्हणजे दुसऱ्याच एका झाडाचा डिंक.

आता हेच न पाहिलेले झाड आपल्या बांधापर्यंत येऊन ठेपले आहे. मोबाइलवर त्याच्या चित्रफिती फिरतात, रंगीत पत्रके वाटली जातात. एकरी अमुक झाडे आणि बारा वर्षांनी कोटी-दीड कोटी, असा हिशेब त्यांत मांडलेला असतो. म्हणून या खेपेस अगरूबद्दल बोलू. त्यातही ते लावावे की नाही, यापेक्षा लावण्याआधी काय शिकावे, याविषयी जास्त बोलू.

झाड मूळचे कुठले

अगरू हे आसाम, मेघालय, नागालँड, त्रिपुरा या पूर्वेकडच्या ओल्या मुलखातले झाड. आसामचे लोक त्याला साची म्हणतात. कागद येण्यापूर्वी त्या भागात याच झाडाच्या सालीवर पोथ्या लिहीत, त्यांना सांचीपात म्हणत. सातव्या शतकात कामरूपचा राजा भास्करवर्मा याने सम्राट हर्षाला भेटी पाठवल्या. त्यांत अगरूच्या सालीवरच्या पोथ्या आणि काळ्या अगरूचे तेल होते, असे बाणभट्टाने हर्षचरितात नोंदवले आहे. तेव्हा या झाडाची किंमत आज कोणी नव्याने शोधून काढलेली नाही.

या झाडाची खरी गंमत वेगळीच आहे. निरोगी अगरूचे लाकूड पांढरट, हलके आणि बिनवासाचे असते. ते सरपणापलीकडे फारसे कामाचे नाही. खोडाला जखम झाली, अळीने भोक पाडले, त्यातून बुरशी आत शिरली, की झाड स्वतःला वाचवण्यासाठी त्या जागी एक गडद राळ तयार करते. बाभळीला कुऱ्हाड लागली की डिंक येतो, तसेच समजा. फरक इतकाच की बाभळीचा डिंक बाहेर येतो आणि अगरूची राळ लाकडातच मुरते. ते मुरलेले काळसर, जड लाकूड म्हणजे खरा अगरू. उत्तम प्रतीचा तुकडा इतका जड असतो की पाण्यात टाकला तर बुडतो.

म्हणजे पैसा झाडाचा नाही, झाडाच्या दुखण्याचा आहे. आणि हे दुखणे प्रत्येक झाडाला होतेच असे नाही. जंगलातल्या दहा झाडांत एखाद्याच झाडात राळ सापडे. बाहेरून ओळखू येत नाही, म्हणून लोभी माणसांनी निरोगी झाडेही सरसकट तोडली. एक सापडावे म्हणून नऊ आडवी केली. परिणाम असा झाला की पूर्वेकडच्या रानांतून हे झाड जवळजवळ संपले. 1995 पासून या जातीचा देशाबाहेरचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या देखरेखीखाली आला. 2018 मध्ये जगभरच्या धोक्यातल्या सजीवांच्या यादीत ते अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले.

ज्यांनी झाड राखले

मग हे झाड वाचले कसे? सरकारी फलकाने नाही, घराच्या परसाने वाचले. वरच्या आसामात गोलाघाट, जोरहाट, शिवसागर या भागांतल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या परसदारी अगरू लावला. सुपारीच्या ओळीत, बांबूच्या बेटाशेजारी, चहाच्या मळ्याच्या कडेला. बी पडले की रोप उचलायचे, रिकामी जागा दिसली की लावायचे. पोरीच्या लग्नाला, पोराच्या शिक्षणाला, दुखण्याखुपण्याला एखादे झाड उभेच्या उभे विकायचे आणि त्या जागी दुसरे लावायचे. होजाई या गावात त्याचा मोठा व्यापार चालतो. तिथे लाकूड फोडणारे, साफ करणारे, भिजत घालून भट्टीवर त्याचे अत्तर काढणारे कारागीर आहेत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या माणसांना हे ज्ञान कोणी एका दिवसाच्या मेळाव्यात दिलेले नाही. कोणत्या झाडाला अळी लागली, खोडावर कोणती खूण दिसली म्हणजे आत माल धरला, हे बाप पोराला दाखवत आला. आज त्याला शास्त्राची जोड मिळाली आहे. जोरहाटला भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेची वर्षावन संशोधन संस्था आहे. खोडाला बारीक छिद्रे पाडून त्यांत ठरावीक बुरशी सोडायची आणि राळ तयार करवून घ्यायची, यावर तिथे काम झाले आहे आणि ते शिकवलेही जाते. झाड सात-आठ वर्षांचे, पुरेशा जाडीचे झाले की हे करतात आणि मग पुन्हा काही वर्षे थांबतात. त्रिपुरा सरकारनेही 2021 मध्ये अगरूसाठी वेगळे धोरण आखले. 2024 मध्ये केंद्र सरकारने अगरूच्या लाकडाचा आणि तेलाचा निर्यातीचा कोटा बराच वाढवला. लाकडाचे तुकडे आणि भुकटी मिळून तो आता वर्षाला सुमारे दीड लाख किलो आहे. याचा फायदा प्रथम कोणाला? ज्यांच्या परसात पिढ्यान्‌पिढ्या झाडे उभी आहेत त्यांना. आणि तसाच तो व्हायला हवा.

आता आपल्या साखऱ्याचे पाहू

सेनगाव तालुक्यातले आपले साखरा घ्या, किंवा हिंगोली जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव. समजा, पारावर एक पाहुणा येतो. अंगात परीटघडीचे कपडे, हातात पत्रक. तो म्हणतो, "एकरी चारशे झाडे. बाराव्या वर्षी एका झाडाचे पन्नास हजार. झाले दोन कोटी. रोपाची किंमत फक्त पाचशे. माल आम्हीच परत घेऊ, लेखी देतो."

पी हळद नि हो गोरी! हळदीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना ही म्हण काही समजावून सांगायला नको.

त्याच्याच आकड्यांवर हिशेब करू. चारशे रोपे गुणिले पाचशे, म्हणजे दोन लाख रुपये. हे त्याला पहिल्याच दिवशी मिळाले. तुमचे दोन कोटी बाराव्या वर्षी. मधल्या काळात खड्डे, ठिबक, कुंपण, राखण आणि पाणी तुमचे. सातव्या-आठव्या वर्षी "इंजेक्शन" द्यायला तोच पुन्हा येणार. झाडामागे हजार रुपये म्हटले तरी आणखी चार लाख. आणि त्या एकरात जे सोयाबीन, तूर, हळद, हरभरा पिकले असते, ते बारा वर्षांचे उत्पन्न बुडाले ते वेगळेच. बाराव्या वर्षी तो पाहुणा कोणत्या गावच्या पारावर बसला असेल, हे कोणी सांगावे? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा हा मामला.

परतखरेदीच्या लेखी हमीला फार भुलू नका. 2012 मध्ये तमिळनाडूत इमू पक्षी पाळण्याच्या योजना कोसळल्या, तेव्हा शेतकऱ्यांच्या हाती अशाच हमीचे कागद होते. 2019 मध्ये आपल्या सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या योजनेत शेकडो कुटुंबांनी फसवणुकीच्या तक्रारी दिल्या, तिथेही माल परत घेण्याचा वायदा होताच. इमू खोटा नव्हता, कडकनाथही खोटा नव्हता. खोटी होती ती बाजाराची गोष्ट.

माती आणि पाणी काय म्हणते

पाहुण्याला बाजूला ठेवू आणि जमिनीलाच विचारू. अगरूच्या मायमुलखात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, हवेत बारमाही ओल असते. आपल्या जिल्ह्यात सरासरी साडेआठशे-नऊशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आणि लहरीप्रमाणे. तिकडची माती आंबट, तिचा सामू बहुधा सहाच्या खाली. आपली काळी माती चुनखडीची, सामू आठच्या आसपास. ती पावसाळ्यात चिबडते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. अगरूला मुळाशी पाणी साचलेले खपत नाही आणि कोवळ्या रोपाला उघडे ऊनही सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, विहिरी तळ दाखवतात. तेव्हा प्यायच्या पाण्याची चिंता करायची, की चारशे अगरूंची?

विहिरीजवळ, केळी-पपईच्या सावलीत, रोज पाणी घालून एखादे झाड आपल्याकडेही जगेल. पण झाड जगणे निराळे, त्यात राळ धरणे निराळे आणि ती राळ विकली जाणे त्याहून निराळे. या तीन पायऱ्या आहेत. पत्रकवाला फक्त पहिली दाखवतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत सांगतो. साखऱ्यासारख्या काळ्या, कोरड्या रानात अगरूवर एकरभर जमीन आणि कर्जाचा पैसा लावू नये. शिकण्याची हौस असेल तर चार झाडे जरूर लावा. चार झाडे शाळेची फी समजून लावावी. चारशे लावली तर तो जुगार होईल.

खरे प्रशिक्षण कसे ओळखावे

प्रशिक्षणाचे हल्ली पेव फुटले आहे. सकाळी नाश्ता, दुपारी भाषण, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि जाताना रोपांची मागणी नोंदवण्याचा अर्ज. हे प्रशिक्षण नव्हे, ही दुकानदारी. जो शिकवतो त्यानेच रोपे विकायची, इंजेक्शन विकायचे आणि मालाचा भावही त्यानेच ठरवायचा, असे असेल तर त्या मांडवातून पाणी पिऊन परत या.

चांगल्या प्रशिक्षणात पुढील प्रश्नांची उत्तरे मिळालीच पाहिजेत. कागदावर लिहून न्या आणि उभे राहून विचारा.

1. माझ्या गावासारख्याच मातीत आणि पावसात वाढलेले, बारा वर्षांचे झाड कुठे उभे आहे? मला ते हाताने चाचपून पाहता येईल का?

2. तुमच्या पद्धतीने बुरशी सोडलेली किती झाडे आजवर तोडली? त्यांतून माल किती निघाला? ज्याच्या शेतातली ती झाडे, त्या शेतकऱ्याशी मला तुमच्या गैरहजेरीत बोलता येईल का?

3. माल घेणारा व्यापारी कोण? तो रोपे विकणाऱ्याहून वेगळा आहे का? लाकडाची प्रत कोण ठरवते, आणि ती पटली नाही तर मी कुठे जावे?

4. झाड तोडायला, माल वाहून न्यायला आणि परदेशी पाठवायला कोणकोणते परवाने लागतात? ते कोण काढणार?

5. रोपे कोणत्या जातीची आणि कोणत्या बियांची? अगरूचे बी झाडावरून उतरल्यावर थोड्याच दिवसांत उगवण्याची ताकद गमावते. मग ही रोपे कुठे आणि केव्हा तयार झाली?

6. पहिल्या आठ वर्षांत घरखर्च कशावर चालायचा? आंतरपीक कोणते?

सहाव्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर बाकीची उत्तरे कितीही गोड असली तरी थैलीची गाठ सोडू नका.

आणि एक सूचना. अशा प्रशिक्षणाला एकट्या कारभाऱ्याने जाऊ नये, कारभारणीनेही जावे. रोपांना पाणी तीच घालणार, उन्हाळ्यात हंडे तीच वाहणार आणि पैसा अडकला तर अंगावरचा दागिना तिचाच मोडणार. मग पहिल्या दिवशी तिला का विचारू नये? घरच्या बाईने "पण मधल्या बारा वर्षांत खायचे काय?" असे विचारले, तर तो अडाणीपणा नव्हे. वर जो सहावा प्रश्न दिला तो हाच.

विद्यार्थ्यांनी काय करावे

कृषी महाविद्यालयांतली शेवटच्या वर्षाची मुले-मुली ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावोगाव राहायला येतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी आपल्या भागातल्या लोकांना परिचयाचे आहेत. त्यांना नुसते ग्रामपंचायतीपुढे नकाशा रांगोळीने काढायला लावू नका. त्यांना कामाला लावा. गावातल्या पाच शेतांचे माती परीक्षण करून घ्या. सामू किती, निचरा कसा, विहिरीला मे महिन्यात किती हात पाणी राहते, हे त्यांच्याकडून वहीत लिहून ठेवा. कोणी नवे झाड विकायला आला की ती वही त्याच्यापुढे धरा. गावाची अशी एक वही असली, तर अर्धे फसवे व्यापारी पारावरूनच मागे फिरतील.

गावच्या शाळेनेही परसबागेत अगरूची दोन रोपे लावायला हरकत नाही. शेजारी चंदनाचे एक, कडुनिंबाचे एक. मुलांनी दर महिन्याला उंची मोजावी, पाणी किती घातले ते लिहावे, पाने अळीने खाल्ली तर अळी ओळखावी. सातवीच्या मुलाने लावलेल्या रोपाची वही त्याचा धाकटा भाऊ पुढे चालवील. दहा वर्षांनी ते झाड मेलेले असले तरी वही जिवंत असेल. आपल्या मातीत हे झाड का रमले नाही, किंवा रमले तर कसे, हे साखऱ्याला स्वतःच्या पुराव्याने कळेल. आसामच्या परसांतही असेच पाहून-पाहून शहाणपण साठले.

मग आपण लावावे तरी काय

झाडांवर उत्पन्न घेण्याची कल्पना चुकीची नाही. पावसाने दगा दिला तर सोयाबीन जाते, पण बांधावरचे झाड उभे राहते. मात्र जे आपल्या मातीला ओळखते ते झाड आधी निवडावे. बांधाला बांबू, मुरमाड तुकड्यावर सीताफळ आणि आवळा, विहिरीकाठी आंबा, कडेने कडुनिंब आणि करंज. यांना शिकवणीही स्वस्त आणि गिऱ्हाईकही जवळ.

सुगंधी झाडाचीच ओढ असेल तर चंदन अगरूपेक्षा आपल्याला जवळचे. महाराष्ट्रात ते रानात आपोआप उगवते. पण त्याचीही शाळा आहे. चंदन स्वतःच्या मुळांवर पुरते जगत नाही, ते शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्नरस ओढते. म्हणून सुरुवातीला शेजारी तूर आणि पुढे करंज, सुरू, कडुनिंब असा सोबती लागतो. गाभा धरायला पंधरा-वीस वर्षे जातात आणि गाभा धरला की चोर येतो. शिवाय महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत चंदन आहे, त्यामुळे स्वतःच्या शेतातले झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. लावताच सातबाऱ्यावर नोंद करून घ्यावी. चंदनाची रीतसर शिकवणी बंगळूरच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत मिळते. आपल्या जिल्ह्यात तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आहे. कोणतेही झाड डोक्यात आले की पहिली फेरी तिथे मारावी. तिथला सल्ला फुकट असतो. फुकट म्हणून त्याची किंमत कमी समजू नये.

शेवटी एवढेच सांगणे. आपण हळदीचे माहीतगार. बेणे कोणते घ्यावे, गड्डा केव्हा काढावा, शिजवताना फेस केव्हा येतो, पॉलिश कुठे करावे आणि हिंगोलीत भाव बरा की वसमतला, हे इथल्या दहावीतल्या पोरालाही सांगता येते. हे सारे माहीत आहे म्हणून भाव पडला तरी आपण तग धरतो, कारण चूक कुठे झाली ते आपल्याला कळते. अगरूत चूक कुठे झाली हे कळायलाच बारा वर्षे लागतात. ज्या पिकाचे एवढे ज्ञान आपल्याजवळ नाही, त्यात आधी डोळे घालावे, मग हात घालावे आणि पैसा सर्वांत शेवटी घालावा.

हे पान घरात मोठ्याने वाचून दाखवा. पारावर पत्रक घेऊन कोणी आला, तर वरचे सहा प्रश्न त्याला एका मागून एक विचारा. खरा माणूस असेल तर तो बसून उत्तरे देईल आणि तुम्हालाही चार गोष्टी नव्याने कळतील. दुसऱ्या प्रकारचा असेल तर त्याला पुढच्या गावची गाडी गाठायची घाई होईल.

पुढल्या आठवड्यात हळदीचे बेणे साठवताना घ्यायच्या काळजीविषयी बोलू.